बटाटा रस्ता ओलांडतो

सर, आम्ही केलेल्या फिल्मच्या आत्मपरीक्षणासाठी तुम्ही चार प्रश्न दिलेत आणि दोनशे शब्दांची मर्यादा घातलीत. मर्यादा पाळली जाणार नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तुमचा हिरमोड नको. आत्मपरीक्षण करायचंच तर पोटभर करू द्या. नाहीतर माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीसारखं 'मी संयम शिकले' असं लिहून मीही मोकळी झाले असते. तिची फिल्म तिच्या मामाने केली आहे. संयम कुणी शिकला असेल तर मामाने.

पहिला प्रश्न, कल्पना कशी सुचली. सर, कल्पना सुचली नाही, चिठ्ठी निघाली. खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून तुम्हीच वर्गभर फिरलात. कुणाला अंतराळ निघालं, कुणाला समुद्राचा तळ, आणि माझ्या हाताला लागली 'रस्त्यावरील सुरक्षा'. नशीबच थोर. बदलून मागितली तर तुम्ही म्हणालात, खऱ्या कलावंताला बंधनं आवडतात. असा कलावंत मी अजून पाहिलेला नाही, पण असो.

मग नायक. शाळेच्या कपाटातली रंगीत माती मागच्या वर्षीच्या मुलांनी उघडी ठेवून वाळवली होती. तिचा माणूस केला की त्याचं डोकं गळून पडायचं. रस्त्यावरच्या सुरक्षेची फिल्म आणि पहिल्याच दृश्यात नायकाचं डोकं खाली, हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून मी स्वयंपाकघरातून एक बटाटा उचलला. डोळ्यांना मिरी, पायांना काडेपेटीतल्या काड्या, वर कागदी टोपी. गोष्ट साधी होती. बटाटा रस्त्याच्या कडेला येतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, घाबरून मागे सरतो, पुन्हा येतो, पुन्हा मागे सरतो आणि शेवटी एकदाचा ओलांडतो. यात कुणाच्या घरातलं काही निघेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

कामाची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे वाचणाऱ्या मुख्याध्यापक बाईंसाठी सांगते. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चिकटपट्टीने जखडायचा. बटाटा नखभर सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा नखभर सरकवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. तुम्ही वर्गात हे इतक्या आनंदाने सांगितलंत की तुम्ही स्वतः कधीतरी केलं असेल असं मला वाटलं होतं.

दुसरा प्रश्न, जागा आणि साहित्य कसं मिळवलं. इथे मात्र मला जरा मागे जावं लागेल.

जागा म्हणजे आमचं जेवायचं टेबल. खिडकीजवळ आहे, उजेड चांगला येतो. तुम्ही म्हणाल, चौघांच्या घरात जेवायचं टेबल आठवडेच्या आठवडे अडवून ठेवलं आणि कुणी काही बोललं नाही? नाही बोललं. कारण त्या टेबलावर कुणी जेवत नव्हतं. आई दवाखान्यातली पाळी संपवून यायची ती स्वयंपाकघरात उभ्यानेच खायची, ताई ताट घेऊन तिच्या खोलीत जायची, आणि बाबा खालून छापखान्यातून वर यायचे ते सगळ्यांचं आटोपल्यावर. मी शेंडेफळ, मला कुणी विचारलंच नाही. मी बटाट्याबरोबर जेवायचे.

असं का, तर बाबांच्या एका वाक्यामुळे. बाबांचा छापखाना आमच्या इमारतीतच, तळमजल्यावर. ताई शाळेत होती तेव्हापासून त्या मशीनच्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते सांगायची. बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की पुढे हे सगळं हीच बघणार. ठरवलं, पण ताईला विचारायचं राहून गेलं. त्यांना ते गुपित ठेवायचं होतं म्हणे. तिच्या वाढदिवसाला त्यांनी छापखान्याच्या नावाचे नवे कोरे कागद छापून आणले, वर ठळक अक्षरांत त्यांचं आडनाव आणि पुढे 'आणि कन्या'. गठ्ठा तिच्या हातात ठेवला. आणि आमची ताई, तिची वेळ साधायची हातोटीच वेगळी, तिने त्याच संध्याकाळी सांगितलं की तिला जहाजावर, इंजिनाच्या कामावर, शिकाऊ म्हणून घेतलंय आणि ती जाणार आहे.

बाबा गठ्ठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

सर, ताईने जन्मात बाबांचं एक वाक्य ऐकलेलं नाही. लवकर झोप म्हटलं की जागायची, चप्पल घाल म्हटलं की अनवाणी पळायची. हे एकच वाक्य तिने ऐकलं आणि ते अगदी अक्षरशः पाळलं. ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. आणि बाबा पडले छपाईवाले. कागद मशीनमधून बाहेर आला की आला, शाई परत बाटलीत जात नाही, असं तेच गिऱ्हाइकांना सांगतात. त्यामुळे ते आपलं वाक्य कसले मागे घेतायत. दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पण घर म्हटलं की बोलावं लागतंच, त्यामुळे घरात पोस्ट खातं सुरू झालं आणि मला कुणी न विचारता नेमणूक मिळाली. तुझ्या ताईला सांग, गीझर बंद कर. तुझ्या बाबांना सांग, केलाय. तुझ्या ताईला सांग, मग दिवा का चालू आहे. दोघं एकाच खोलीत, मध्ये मी, मान इकडून तिकडे. आईने हात टेकले होते. ती म्हणायची, दोघंही एकाच मातीचे, मला मध्ये घेऊ नका. मला घ्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

तर साहित्य. 'आणि कन्या'वाला गठ्ठा दाराजवळ तसाच पडून होता. रस्ता करायला कागद हवा म्हटल्यावर बाबा म्हणाले, तो घे, रद्दीच आहे. मी तो पालथा घालून काळा रंगवला. माझ्या फिल्ममधला रस्ता त्याचा आहे. आकाश पुठ्ठ्याचं केलं, पण ते उंचीला कमी पडलं, आणि वरची कड दुपारच्या उन्हाने वाकून आणखी खाली आली. तुम्ही सांगितलं होतंत की फ्रेमच्या चारही कडा रोज तपासा. मी खालची तपासली.

तिसरा प्रश्न, कोणत्या अडचणी आल्या. पहिली अडचण म्हणजे आईने नायक उकडला. ती दमून आली, टेबलाच्या कडेला बटाटा दिसला, टोपी काढली, पाय उपटले आणि टाकला कुकरमध्ये. मिरीचे डोळे तिला दिसले नाहीत असं तिचं म्हणणं आहे. जेवताना मला ते सापडले. नवा बटाटा शोधला तो जरा लठ्ठ निघाला, म्हणून रस्त्याच्या कडेला आलेला बटाटा आणि मागे सरकणारा बटाटा यांच्या अंगकाठीत फरक आहे. दुसरी अडचण, हा दुसरा बटाटा काम चालू असतानाच सुरकुतला आणि त्याला कोंब फुटले. रस्ता ओलांडायला इतके दिवस लावले तर दुसरं काय होणार. तुम्ही वर्गाला सांगितलंत की कोंब हे आशेचं प्रतीक आहे. मी मान डोलावली. मार्क कुणाला नको असतात.

तिसरी अडचण होती बाबांची तहान. दुपारी मी कानात गाणी घालून, डोकं बटाट्यात घालून बसायचे. आणि बाबा खालून वर यायचे, पाणी प्यायला. पुन्हा वर यायचे, चष्मा राहिला म्हणून. पुन्हा, पाणी. छापखान्यात पाण्याची मोठी बाटली असते, ती मीच भरून देते. चष्मा त्यांच्या नाकावर असायचा. मी आईला म्हटलंसुद्धा की बाबांना हल्ली फार तहान लागते, एकदा रक्त तपासून घ्यायला हवं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, दमलीय.

तेव्हा ताईची बॅग भरणं चालू होतं. एकदा मी तिचे जाड मोजे गुंडाळून देत होते. ती जाणार त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या फिल्मचा कार्यक्रम होता, ती म्हणाली, बघून मगच जाईन तुझा बटाटा. मी विचारलं, बाबांशी न बोलता जाशील? ती मोजे कोंबत राहिली.

"त्यांना चाललंय मी गेलेलं. इतक्या दिवसांत एकदा तरी या दाराशी आले का?"

मी म्हटलं नाही. मला खरंच तसं वाटत होतं. आणि सर, मला भीती वाटत होती. जहाज म्हणजे काही पुढच्या चौकातली बस नव्हे. ती गेली की महिनेच्या महिने येणार नव्हती, आणि हे दोघं जर असेच तुटले तर पुढे फोनवरही मलाच 'तुझ्या बाबांना सांग' करत बसावं लागणार होतं. पण ते जाऊ दे. मला ती दोघं परत बोलायला हवी होती, बास. रात्री उशीत तोंड खुपसून मी रडलेसुद्धा आहे, हे मुख्याध्यापक बाईंनी वाचलं नाही तरी चालेल.

मग तुम्ही वर्गात सगळ्यांच्या फिल्म पडद्यावर लावून पाहिल्यात. माझा बटाटा पडद्यावर माणसाएवढा दिसत होता, वर्ग हसत होता, मी खुशीत होते. आणि तुम्ही म्हणालात, मागे हे काय हलतंय? फोनच्या एवढ्याशा काचेवर मला ते कधी दिसलंच नव्हतं. वाकलेल्या आकाशाच्या वर आमच्या घरातला बोळ दिसत होता आणि बोळाच्या टोकाला ताईच्या खोलीचं दार. त्या दारापाशी एक माणूस येत होता. यायचा, उभा राहायचा, हात वर करायचा, हात खाली घ्यायचा, जायचा. पुन्हा यायचा. बटाटा कडेला आला की तो दाराशी, बटाटा मागे सरला की तोही गायब. तुमच्या वहीत तुम्ही लिहिलंत, 'पार्श्वभूमीत अनावश्यक हालचाल'. आणि मला सांगितलंत की वरचा भाग कापून टाक, दोन मिनिटांचं काम आहे.

घरी येऊन मी कापायलाच बसले होते. पण आधी एकेक फोटो पाहिला. पडद्यावर तो माणूस दाराशी अर्धा सेकंद दिसतो. पण अर्धा सेकंद म्हणजे सहा फोटो, आणि सहा फोटो काढायला किती वेळ लागतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. बाबा तिथे नुसते उभे होते, सर. माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी बटाट्याची टोपी सरळ करत होते. काही फोटोंत, ते गेल्यानंतर, ताईचं दार बोटभर उघडलेलंही दिसतं. त्या दाराला कडी नाही. मागच्या वर्षी कपाट आत नेताना तुटली, बाबा बसवतो बसवतो म्हणाले आणि राहिलं. नुसतं ढकललं तरी उघडतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचंस ताईला. सांगून काय उपयोग? त्या घरात मी बोललेलं माझं म्हणून कुणी ऐकतच नव्हतं. मी तोंड उघडलं की दोघांनाही वाटायचं, हा कुणाचा तरी निरोप. ताई म्हणाली असती, आईने पढवलंय. फोन घेऊन तिच्याकडे गेले तर ती कसल्याशा कागदपत्रांसाठी बाहेर पडत होती. म्हणाली, उद्या बघतेच आहे की मोठ्या पडद्यावर. म्हणून मी वरचा भाग कापला नाही. तुम्हाला म्हटलं की विसरले. ते खोटं होतं. ही एक चूक आत्मपरीक्षणात धरावी.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात आमचं घर एकाच रांगेत बसलं होतं. भिंतीकडे ताई, मग तिघं अनोळखी पालक, मग आई, मग बाबा. इतकं चोख अंतर मोजून टेपने राखता आलं नसतं. मी तुमच्या लॅपटॉपजवळ उभी होते, मला ती रांग पूर्ण दिसत होती. दिवे गेले, बटाटा आला, आणि सभागृह हसलं. मला बरं वाटलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, अरे तो मागे कोण? आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या.

सर, हे मी आधी धरलंच नव्हतं. फक्त दोघांनी बघावं म्हणून ठेवलेलं मी भरल्या सभागृहाला दाखवत होते. आणि सभागृहाला ते आवडलं. तो माणूस दाराशी आला की हसू फुटायचं, हात वर केला की वाढायचं, हात खाली आला की कुणी तरी 'अरेरे' करायचं आणि पुन्हा हशा. बटाट्याकडे कुणी बघेना. माझे बाबा, जे लग्नाच्या फोटोतसुद्धा हसत नाहीत, त्यांच्यावर दोनशे माणसं पोट धरून हसत होती. आणि हे मी केलं होतं. मला फिल्म बंद करायची होती, पण कुठलं बटण ते सुचेना. अंधारात बाबांचा चेहरा पडद्याच्या उजेडात दिसत होता. ते हलले नाहीत.

शेवटी बटाटा ओलांडून गेला. कोंब हलवत गेला. मागे तो माणूस हात वर करून उभा, आणि तिथेच फिल्म संपते, कारण माझे फोटो संपले. पुढच्या रांगेतलं एक पहिली-दुसरीतलं पोर ओरडलं, "अहो काका, वाजवा ना!"

हशा नुसता. दिवे लागले, आणि नेमका तुमचा लॅपटॉप अडकला. तुम्ही त्याच्या नाकदुऱ्या काढत होतात म्हणून पुढचं तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं.

बाबा उठले. मला वाटलं, निघाले. तोंड लपवून निघाले असते तरी मी काय म्हणणार होते. पण ते दाराकडे न जाता आईच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेले, मग त्या तीन पालकांच्या पायांवरून, प्रत्येकाला माफ करा, माफ करा म्हणत. लोक अजून हसत होते. कुणाला माहीत नव्हतं की पडद्यावरचा तो माणूस हाच. एका बाईंनी पाय आवरताना त्यांनाच सांगितलं, मजेदार होती नाही फिल्म? बाबा म्हणाले, हो.

ताई समोर पडद्याकडेच बघत होती. पडद्यावर आता काहीच नव्हतं. बाबा तिच्या खुर्चीशी थांबले. हात वर केला. मला वाटलं, झालं, आता खाली येणार. मग त्यांनी तिच्या खुर्चीच्या लाकडी हातावर बोटांनी दोनदा वाजवलं, टक टक.

ताईने वर पाहिलं नाही.

"उघडंच होतं, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी वाकून हळू आवाजात काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर दोघंही सांगत नाहीत. निरोप नव्हता ना तो, मग मला कशाला सांगतील. शेजारच्या पालकांनी सरकून जागा दिली आणि बाबा तिथे बसले. पुढच्या सगळ्या फिल्म त्यांनी बघितल्या, मामाने केलेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला आम्ही चौघं गेलो. बाबांनी वाटेत तिला इंजिनाबद्दल इतके प्रश्न विचारले की तिची गाडी यायच्या आधीच ती वैतागली. आणि निघायच्या आधी सकाळी त्यांनी तिच्या दाराला कडी बसवली. जाणाऱ्या माणसाच्या दाराला कडी. मी काहीतरी बोलणार होते, आईने माझा हात दाबला.

मार्क मला दहापैकी सहा मिळाले. चार कुठे गेले ते तुम्ही लिहिलंच आहे, पार्श्वभूमीत अनावश्यक हालचाल. माझी तक्रार नाही.

चौथा प्रश्न राहिला, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. टेबल मी कालच मोकळं केलं. आता आम्ही तिघं त्यावर जेवतो. बटाट्याला आईने कुंडीत पुरलंय, कारण कोंब आलेला खाऊ नये म्हणे, हे तिला आता आठवलं. बाबा दुपारी अजूनही पाणी प्यायला वर येतात आणि ताईच्या दाराशी जातात. पण आता आत जातात, थोडा वेळ तिच्या पलंगावर बसतात आणि परत येतात. तेव्हा पुढच्या वेळी, सर, मी बटाट्याला इतका वेळ लावू देणार नाही. कडेला आला की त्याला सांगेन, दोन्हीकडे बघ आणि चालू लाग.